पेडल बदलण्याआधी व्होल्ट मोजायला हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत अलीकडेच एका वाचकाचा प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध झाले होते. गाडी चालता चालता एकाएकी रेस घेईनाशी होते, इंजिनचा पिवळा दिवा लागतो, बाजूला थांबून किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की काही दिवस सारे सुरळीत असते आणि मग एके दिवशी पुन्हा तेच, अशी त्यांची तक्रार होती. गॅरेजमध्ये स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली बिघाडाची नोंद वाचणारे यंत्र, लावल्यावर पी २१३८ हा कोड निघाला होता. उत्तरादाखल त्यांना ‘ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर गेला आहे, पेडल बदलून घ्या’ असा एका ओळीचा सल्ला मिळाला. तो कदाचित बरोबर ठरेलही. पण जेवढी माहिती हाती होती तेवढ्यावर तो देता येण्यासारखा नव्हता, आणि असे सल्ले छापून येऊ लागले की गॅरेजमध्ये व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर बाहेर काढण्याचीही गरज कोणाला वाटत नाही. वाहनांची विद्युतयंत्रणा शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. शिवाय हाच कोड आणि हाच सल्ला मी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत पुरता भोगला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी या कोडचा अर्थ पाहू. पूर्वी पेडल आणि इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल झडप यांच्यामध्ये पोलादी केबल असे. पेडल दाबले की केबल ओढली जाई आणि झडप उघडे. आता बहुतेक मोटारींत ती केबल उरलेली नाही. पेडल दाबणे ही आता फक्त मागणी असते. ती व्होल्टेजच्या रूपात ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडे जाते आणि हवा किती घ्यायची, इंधन किती सोडायचे हे तो ठरवतो. ही मागणी वाटेत बिघडली तर अनर्थ होईल, हे ओळखून पेडलमध्ये एकाऐवजी दोन सेन्सर बसवलेले असतात. साधारणपणे प्रत्येकाला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा, वेगळी अर्थची (अर्थिंगची, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेची) वायर आणि वेगळी सिग्नलची वायर असते, म्हणून पेडलच्या कनेक्टरमध्ये सहा पिना दिसतात. पुष्कळ गाड्यांत पाय उचललेला असताना पहिल्या सेन्सरचा सिग्नल ०.७ ते ०.८ व्होल्टच्या आसपास असतो आणि पेडल तळाला टेकवले की तो ४ व्होल्टच्या जवळ जातो. दुसऱ्याचा सिग्नल प्रत्येक टप्प्यावर त्याच्या निम्मा असतो. काही कंपन्या दोन्ही सिग्नलांमध्ये ठरावीक अंतर राखून ते सारखेच चढवत नेतात, तर काही रचनांमध्ये एक चढताना दुसरा उतरतो. त्यामुळे नेमके आकडे त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावे लागतात. एका गाडीचे पाठ झालेले आकडे दुसरीला लावले की चांगले पेडलही वाईट ठरते.

ईसीयू हे दोन आकडे सतत एकमेकांशी ताडून पाहतो. ते ठरलेल्या प्रमाणात जुळेनासे झाले की तो पी २१३८ नोंदवतो, इंजिनची ताकद मर्यादित करतो आणि गाडीला जेमतेम बाजूला घेण्याइतकी चाल ठेवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. म्हणजे दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत एवढीच नोंद ईसीयूने केलेली असते. खोटे कोण बोलतो आहे, की साक्षीदार दोघेही खरे असून निरोप आणणाराच वाटेत अडखळला, याविषयी कोड काही सांगत नाही. ‘पेडल बदला’ म्हणणाऱ्याने हा निकाल स्वतःच देऊन टाकलेला असतो.

याच कुळातले आणखी काही कोड आहेत आणि त्यांतला फरक उपयोगाचा असतो. पी २१२२ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी, पी २१२३ म्हणजे फार जास्त; दुसऱ्या सेन्सरसाठी हेच अनुक्रमे पी २१२७ आणि पी २१२८. ५ व्होल्टचा पुरवठा तुटला तर सिग्नल खाली कोसळतो, आणि अर्थ तुटली तर तो वर चढतो. म्हणून कमीचा कोड आहे की जास्तीचा, एवढ्यावरून शोध कोणत्या वायरीपासून सुरू करावा हे सुचते. पी २१३५ हा दिसायला पी २१३८ चा जुळा भाऊ वाटतो, पण तो पेडलचा नसून इंजिनवरच्या थ्रॉटल बॉडीतल्या, म्हणजे ती झडप जिच्यात असते त्या भागातल्या, दोन सेन्सरांचा आहे. शेवटचा एक अंक घाईत चुकीचा वाचल्यामुळे थ्रॉटल बॉडीच्या दुखण्यासाठी पेडल बदलले गेल्याचे मी पाहिले आहे.

आता माझ्या गाडीची हकिगत. गाडी तेव्हा सहा वर्षांची होती. एका चढावर ट्रकला मागे टाकण्यासाठी पेडल दाबले आणि गाडीने मानच टाकली. पेडल तळापर्यंत दाबूनही इंजिनचा आवाज बदलेना. त्या दिवसांत कंबरेच्या दुखण्यामुळे मला गाडीत वाकून काम करणे शक्य नव्हते, म्हणून गाडी एका गॅरेजमध्ये दिली. स्कॅनर लागला, पी २१३८ निघाला, कोड पुसला गेला आणि दुसऱ्या दिवशी नवे पेडल बसवून गाडी परत आली. अकरा दिवस ती उत्तम चालली. बाराव्या दिवशी पुन्हा तेच. नवे पेडलच सदोष निघाले असावे, असे म्हणून गॅरेजने दुसरे नवे पेडल बसवले, आणि त्यानंतर जवळपास तीन आठवडे काही झाले नाही. तिसऱ्या वेळी मात्र मेकॅनिकने सांगितले, ‘साहेब, पेडल दोनदा बदलले, वायरिंग बीप मारून बघितले, आता ईसीयूच गेला म्हणायचा.’ या वाक्याने माझी कंबर एकदम बरी झाली असे म्हणायला हरकत नाही.

पुतण्याला मदतीला घेतले, ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवली आणि पाठीवर आडवा होऊन डोके पेडलांखाली घातले. कनेक्टर न काढता, प्रत्येक वायरीच्या कडेने मागच्या बाजूने बारीक टाचणी आत सरकवली, म्हणजे वायरीचे आवरण न फोडता तिच्यावरचे व्होल्टेज मोजता येते. मल्टिमीटरची काळी तार लांब वायरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली. किल्ली चालू, इंजिन बंद. पुरवठ्याच्या दोन्ही वायरींवर ५ व्होल्ट होते. पहिल्या सेन्सरच्या अर्थवर ०.०२ व्होल्ट, सिग्नलवर ०.७६. दुसऱ्याचा सिग्नल ०.३८. पेडल हळूहळू दाबत नेले तेव्हा पहिला ३.९२ पर्यंत गेला आणि दुसरा १.९६ पर्यंत, मध्ये कुठेही धक्का नाही, उडी नाही. इतके निरोगी पेडल विद्यार्थ्यांना दाखवायला मिळाले असते तर मला आनंद झाला असता.

मग पुतण्याला सांगितले की कनेक्टरच्या चार बोटे वर वायरींचा जुडगा धरून तो हळूच स्टिअरिंगच्या बाजूला वाकव. त्याने तसे करताच अर्थच्या वायरीवरचा आकडा ०.०२ वरून वर सरकू लागला आणि ०.६५ वर जाऊन थरथरत राहिला. टाचणी बदलून सिग्नल पाहिला, तर पेडलला कोणी हात लावलेला नसताना तो ०.७६ ऐवजी १.३१ दाखवत होता. दुसऱ्या सेन्सरचा सिग्नल मात्र ०.३८ वर स्थिर होता, जणू शेजारी काय चालले आहे याची त्याला खबरच नव्हती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. जुडगा सोडला की आकडे पुन्हा जागेवर.

या आकड्यांत निदान पूर्ण झाले होते. सेन्सर आपला सिग्नल स्वतःच्या अर्थच्या तुलनेत देतो. ती अर्थच ०.६५ व्होल्टने उचलली गेली तर सिग्नलही तिच्याबरोबर उचलला जाणार. ईसीयूला मात्र वाटणार की पेडल दाबले गेले आहे. दुसऱ्या सेन्सरची अर्थ वेगळी असल्याने तो जागचा हलत नाही, दोघांचे प्रमाण मोडते आणि पी २१३८ नोंदवला जातो. कनेक्टर काढून भिंगातून पाहिले तेव्हा त्या एका पिनेच्या खाचेची पकड सैल पडलेली होती. सुटी नवी पिन घेऊन एकेका खाचेत घालून पाहिली. पाच खाचांनी ती घट्ट धरली, सहावीतून ती आपल्याच वजनाने खाली पडली. वायरींचा जुडगा जागेवर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप केव्हा तरी तुटून गेली होती, त्यामुळे प्रत्येक हिसक्याला त्याचा सगळा भार या कनेक्टरवर येत होता. खाच बदलली, नवी क्लिप बसवली. त्याला आता दोन वर्षे झाली. तो दिवा पुन्हा लागलेला नाही.

मग नव्या पेडलाने अकरा दिवस आणि तीन आठवडे गाडी चालली कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. पेडल बदलायचे तर कनेक्टर काढून पुन्हा लावावा लागतो. तसे करताना पिना एकमेकींवर घासतात, त्यांच्यावरचा गंज आणि मळ खरवडला जातो आणि काही काळ संपर्क सुधारतो. गुण पेडलाचा नसतो, कनेक्टर काढून लावण्याचा असतो. म्हणूनच ‘पार्ट बदलला आणि गाडी बरी झाली’ हा पार्ट खराब असल्याचा पुरावा मी धरत नाही. एखाद्याला मोजमापाच्या भानगडीत पडायचेच नसेल, तर त्याने निदान नवे पेडल मागवण्याआधी जुनेच काढून, कनेक्टर तपासून, पुन्हा लावून पाहावे. त्याला तितकेच यश येईल आणि खर्च काहीच नाही.

‘वायरिंग बीप मारून बघितले’ यातही एक फसगत आहे. वायर अखंड आहे की नाही हे सांगणारा मल्टिमीटरचा बीप दहा-वीस ओहमांच्या रोधालाही वाजतो, आणि ही चाचणी करताना जुडगा शांत पडलेला असतो, कनेक्टर सुटा असतो. दोष नेमका जुडगा हलला की जागा होणारा आणि कनेक्टरच्या पकडीतला; तेव्हा कनेक्टर सोडून घेतलेल्या चाचणीत तो दिसणार कसा? चालू सर्किटमध्ये, प्रत्यक्ष प्रवाह वाहत असताना, अर्थवर किती व्होल्ट उरतात ते पाहणे हीच खरी परीक्षा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर वाटेत कुठे तरी रोध आहे असे समजून शोध घ्यावा. आणि हे मोजताना जुडगा हलवायला, वाकवायला, थोडा ओढायला विसरू नये.

पेडलचा सेन्सर कधी खराब होतच नाही असे माझे म्हणणे नाही. जुन्या रचनेच्या सेन्सरमध्ये कार्बनच्या पट्टीवरून एक बारीक ब्रश फिरतो. गाडी बहुतेक वेळ पेडल थोडेसेच दाबून चालवली जाते, त्यामुळे पट्टीचा सुरुवातीचा भाग सर्वांत आधी झिजतो. अशा पेडलची तक्रारही ठरावीक असते: एका विशिष्ट वेगावर, पाय एका विशिष्ट जागी असताना गाडी गचके देते, थोडे जास्त दाबले की ठीक. पेडल अगदी संथपणे दाबत सिग्नलचा आलेख पाहिला तर त्या जागी खाच पडलेली दिसते. ही खाच काही मिलिसेकंदांची असू शकते. साधा स्कॅनर सेकंदातून मोजक्याच वेळा आकडा ताजा करतो, त्यामुळे त्याच्या पडद्यावर ती हुकते आणि ‘लाइव्ह डेटा बरोबर आहे’ असे चुकीचे प्रमाणपत्र मिळते. व्होल्टेजचा आलेख पडद्यावर काढणारा ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तर मल्टिमीटरची किमान आणि कमाल आकडा धरून ठेवणारी, पण मिलिसेकंदाची उडीही पकडणारी ‘पीक’ सोय वापरावी. पुष्कळ नव्या पेडलांत चुंबकाच्या साहाय्याने, स्पर्शाशिवाय चालणारे हॉल सेन्सर असतात. त्यांत अशी झीज होत नाही. तिथे बिघाड झाला तर तो बहुधा आतल्या सर्किटचा किंवा पाण्याच्या शिरकावाचा असतो.

स्कॅनरविषयी आणखी एक गोष्ट, जी घाईच्या कामात हमखास राहून जाते. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणीची परिस्थितीही साठवून ठेवतो: गाडीचा वेग, इंजिनचे फेरे, पाण्याचे तापमान. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते. माझ्या गाडीच्या बाबतीत पहिल्याच दिवशी ती पाहिली गेली असती तर दोष गाडी पळत असताना आला होता हे दिसले असते आणि वायरिंगचा संशय तेव्हाच आला असता. त्याचप्रमाणे स्कॅनरवर पेडलची टक्केवारी न पाहता व्होल्ट पाहावेत. टक्केवारी हा ईसीयूने काढलेला निष्कर्ष असतो, आणि लिंप मोडमध्ये तो खऱ्या आकड्याऐवजी स्वतःच ठरवलेला आकडा दाखवू शकतो.

५ व्होल्टचा पुरवठाच कमी भरला तर प्रकरण वेगळ्या दिशेला जाते. हा पुरवठा पुष्कळदा इतर सेन्सरांनाही वाटून दिलेला असतो. एसीच्या दाबाच्या सेन्सरमध्ये किंवा इंधनाच्या दाबाच्या सेन्सरमध्ये शॉर्ट झाला तरी पेडलचा पुरवठा खाली बसतो आणि कोड मात्र पेडलच्या नावाने निघतो. मग सामाईक पुरवठ्यावरचा एकेक सेन्सर सोडून, कोणता सोडल्यावर ५ व्होल्ट परत येतात हे पाहावे लागते. ईसीयू बदलण्याचा विचार या सगळ्यानंतर. तसेच पेडल आणि जुडगा यांच्यामध्ये लावण्याचे, गाडीचा पिकअप वाढवतो म्हणून विकले जाणारे छोटे डबे मिळतात. असा डबा कोणी बसवला असेल तर तपासणीच्या आरंभीच तो काढून टाकावा. त्याने गाडीची ताकद वाढत नाही, पेडलचा सिग्नल तेवढा फुगवला जातो, आणि दोन कनेक्टरांची भर पडते ती वेगळीच.

ब्रेकच्या दिव्याचा स्विच हाही एक छुपा गुन्हेगार आहे. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेल्याचे दिसले की ईसीयू ब्रेकचे ऐकतो आणि इंजिनची ताकद कमी करतो. ब्रेक स्विच अडकून राहिला तर पाय नुसता ॲक्सिलरेटरवर असूनही ईसीयूला दोन्ही दाबलेले दिसतात. त्यासाठी पी २२९९ हा वेगळा कोडच आहे. ब्रेकवर पाय नसताना मागे उभे राहून कोणी ब्रेकचे दिवे लागले आहेत का ते पाहिले तरी अर्धे उत्तर मिळते. आणि कोडच नसताना गाडी ओढत नसेल तर एअर फिल्टर, टर्बोचा पाइप, इंधनाचा दाब या वाटेने जावे. पेडलचा संशय घेण्याचे कारण नाही.

पेडलचे दुखणे विजेचे की यांत्रिक, हा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. २००९ आणि २०१० मध्ये टोयोटाने आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलावल्या. पायाखालचे मॅट पेडलमध्ये अडकणे हे एक कारण निघाले. दुसरे, पेडलमधला घर्षण निर्माण करणारा भाग झिजून पेडल सावकाश परत येणे, आणि त्यावर उपाय म्हणून एक छोटी पोलादी पट्टी बसवण्यात आली. या दोन्हींत सेन्सरचा काही संबंध नव्हता, म्हणजे कोणताही स्कॅनर लावला असता तरी कोड मिळाला नसता. दोष इलेक्ट्रॉनिक असावा अशी शंका राहिल्याने अमेरिकेच्या परिवहन खात्याने नासाच्या अभियंत्यांकडून तपासणी करून घेतली. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या त्या अहवालात, थ्रॉटल धोकादायक प्रमाणात आपोआप उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नसल्याचे म्हटले आहे. त्याच तपासणीत एका बिघडलेल्या पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढून दोन सिग्नलांमध्ये शॉर्ट झाल्याचे मात्र सापडले. डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूपर्यंत पोहोचणारी माणसेही सुरुवात पायाखालच्या मॅटपासूनच करतात. आपणही पेडलखाली मॅटची कड, पाण्याची बाटली किंवा आणखी काही अडकले आहे का, हे आधी पाहायला हरकत नाही.

स्वतः तपासू पाहणाऱ्यांसाठी दोन इशारे. या वायरींवर बल्बचा टेस्टर कधीही लावू नये. बल्ब ओढतो तेवढा प्रवाह ईसीयूच्या ५ व्होल्टच्या सर्किटला झेपत नाही. आणि कनेक्टर काढण्या-लावण्याचे काम किल्ली बंद करूनच करावे. पेडल बदलल्यावर किंवा बॅटरी सोडल्यावर काही गाड्यांना पेडलची शून्य जागा पुन्हा शिकवावी लागते; ती रीत मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि बहुधा पेडलला पाय न लावता किल्ली चालू ठेवण्याइतकी सोपी असते.

माझी सूचना दोन ठिकाणी आहे. आपल्या पुरवणीने अशा प्रश्नांना उत्तर देताना पार्टचे नाव सांगण्याआधी प्रश्नकर्त्याला चार आकडे विचारावेत: पुरवठा किती, अर्थवर किती, पाय उचललेला असताना दोन्ही सिग्नल किती आणि पूर्ण दाबल्यावर किती. ते नसतील तर तसे स्पष्ट लिहावे. आणि गॅरेजवाल्यांनी पेडल बदलायचेच ठरवले तर हेच आकडे, बदलण्याआधीचे आणि नंतरचे, बिलावर लिहून द्यावेत. रुग्णालयातून बाहेर पडताना तपासण्यांचे कागद आपण घेतोच; गाडीच्या बाबतीत मात्र ‘सेन्सर बदलला’ या दोन शब्दांवर आपण पैसे देतो. आकडे लिहिण्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. मेकॅनिकवर अविश्वास म्हणून हे मागायचे नाही. माझ्या मेकॅनिकची नियत वाईट नव्हती. दुसऱ्या पेडलचे त्याने पैसेही घेतले नाहीत. फक्त मोजायचे असते हे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि तो दोष आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांकडेही येतो.

जाता जाता एवढेच सांगतो की गाडीतून पहिल्यांदा काढलेले मूळ पेडल मी मागून घेतले होते. त्याला टेबलावर ५ व्होल्टचा पुरवठा देऊन पाहिले. पाय उचललेला असताना ०.७५ आणि ०.३७, पूर्ण दाबल्यावर ३.९१ आणि १.९६, आणि मधला सगळा आलेख गुळगुळीत. ते अजून माझ्या कपाटात आहे.

आपला,
एक निवृत्त वाहन-विद्युत प्रशिक्षक